एम की आय

भरमाण्णा किणेकर, तांदळाचे व्यापारी,
मार्केट यार्डातून थेट माझ्या खोलीत,
चपलेला अजून कोंडा.
"पत्ता घेऊचा हाय गा, इंटरनेटवरचा.
नाव गावाचंच पायजे.
लोक आधी गाव शोधतात, मग बासमती."

मी म्हटलं, इंग्रजीत शेवटचं अक्षर कुठलं टाकू,
एम की आय?
ते खुर्चीत जरा मागे सरले.
दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी किती इंच
हे त्यांना टेपने मोजून पाठ.
इथे टेप चालत नव्हती.

नुसत्या नावाने वर येत नाही, अण्णा.
पान झटकन उघडावं लागतं,
चार जुन्या ठिकाणांनी तुमच्याकडे बोट दाखवावं लागतं,
आणि वय. कालच्या पत्त्याला कोण ओळखतं?
"म्हंजे सोयरीकच की!"

तरी दोन्ही घेतली,
वर्षाला आठशे आणि आठशे.
एका नावाची कडी वाजवली
की दार दुसऱ्या नावाचं उघडतं, अशी सोय केली.
कुठलं कशात उघडू, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं,
बोलले नाहीत.

सहा महिने तिसऱ्या पानावर.
मग एका रात्री फोन:
"पोरानं आमचं नाव एक अक्षर चुकवून मारलं गा,
तर ते विचारतंय,
तुम्हाला असं म्हणायचं होतं का?"

पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता.

"इतक्या हळू आवाजात
आमाला कुणी इचारलंच नव्हतं."

आणि लगेच, "आता कितव्या पानावर हाय?"
तिसऱ्याच.