पिशवी क्रमांक एकतीस

डेल्मर स्टिल्टनर, वय एकाहत्तर,
जूनच्या शेवटी यांत्रिक पाळण्यात उभा राहून
चेस्टनटच्या फुलांवर कागदी पिशव्या बांधतो.
फांदी जवळ ओढायची, देठाशी तार पिळायची,
पिशवीवर आकडा घालायचा.
तीस वर्षं व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत काढली.
डोक्यावरच्या छतावर भरवसा ठेवू नये, हे तिथं शिकला.
इथं छत नाही,
तरी मधूनच वर बघतो.

कुंपणाच्या आत साठ झाडं.
प्रत्येकात गव्हाचा एक जनुक,
दत्तक गेलेल्या पोरासारखा,
नव्या घरच्या नावानं हाक मारली की ओ देणारा.
बुरशी येते, पूर्वीसारखीच सालीत शिरते, आम्ल सोडते,
आणि गव्हाची ती जुनी विद्या
आम्लाची धार मोडते.
बुरशी मरत नाही. झाडही मरत नाही.
‘शेजारी म्हणून राहतात,’ प्रयोगशाळेची मॅरेन सांगते,
‘आम्हाला एवढंच हवं होतं.’

परागकण कुंपणाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असा नियम.
म्हणून या पिशव्या:
कधीच दूर करायचा नाही असं ठरवून
धरलेला अंतरपाट.

डेल्मरच्या कोठारामागे एक खुंट आहे.
शंभर वर्षांपूर्वी वरचं झाड गेलं, मुळांना कुणी कळवलं नाही.
अजून धुमारे फुटतात,
मनगटाएवढे होतात,
मग सालीवर नारिंगी पुरळ, आणि संपलं.
त्याच्या हयातीत असं चारदा झालं.
चारही वेळा त्यानं काठ्या जाळल्या नाहीत,
कोठाराला टेकवून ठेवल्या. का, ते विचारू नका.

चर्चच्या तळघरात सुनावणी झाली, घडीच्या खुर्च्यांवर.
मॅरेननं आलेख दाखवले.
मागून एक जण म्हणाला, मेलेल्या झाडाची शुद्धता
कुणी चाटायची?
दुसरा म्हणाला, आज फुकट वाटताय,
पावती कधी पाठवणार?
मग आयडलीन म्युझिक उठली, डेल्मरची मेहुणी,
दर रविवारी त्याच्या पानात सर्वात मोठा तुकडा वाढणारी.
‘कुत्रं असतं,’ ती म्हणाली, ‘तर शीळ घालून परत बोलावलं असतं.
जंगलात सोडलेल्या झाडाला काय घालायचं?
आणि जंगलाच्या वतीनं सही करणार कोण? तू, डेल्मर?’
सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले.
तो कॉफीच्या कपाचा काठ दातांनी कुरतडत राहिला.

जुलैच्या वादळानंतर त्यानं नोंदवहीत लिहिलं:
पिशवी ३१. फाटलेली. वारा नैर्ऋत्येचा.
मधमाशी दिसली नाही.
पेन ठेवलं, पुन्हा उचललं.
खाली लिहिलं:
मी तिथं नव्हतो.

ऑक्टोबरात एकतिसाव्या फांदीवर एक बोंड,
साळिंदराच्या पिलासारखं.
आत तीन फळं, त्यातली दोन पोचट.
तिसरं भरलेलं, तपकिरी, टोकाशी बारीक लव.
त्यात गहू उतरला असेल किंवा नसेल,
निम्मी-निम्मी शक्यता, बघून कळत नाही.
नियमानं त्याच दिवशी जमा करायचं.

तो गाडी घेऊन आयडलीनकडे गेला.
स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर ते फळ ठेवलं.
तिनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
उलटसुलट करून पाहिलं, हुंगलं.
‘माझी आई याची पोतीच्या पोती विकायची,’ ती म्हणाली,
‘त्यातून आमचे बूट यायचे.’
मग म्हणाली, ‘माझं मत बदललेलं नाही.’
‘मी विचारलं नाही,’ डेल्मर म्हणाला.

बाहेर शेजाऱ्याचं पाते-यंत्र बराच वेळ सुरू होत नव्हतं,
ते दोघंही ऐकत बसले.
‘ने परत,’ ती शेवटी म्हणाली,
‘मोजणीत कमी पडेल तुझी.’
पण मूठ उघडायला तिला वेळ लागला,
आणि त्याच्या तळव्यावर आलं तेव्हा
फळ कोमट होतं.

नोंदवहीत कोमट लिहायला रकाना नाही.
त्यानं लिहिलं: ३१. भरलेलं. एक.