आरशाचं तिकीट

तीन रिक्षावाल्यांनी नुसती मान हलवली.
चौथा म्हणाला, फुटला तर?
म्हणून बस.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातला आरसा,
साडेतीन फुटी, शिसवी चौकट,
एका कोपऱ्यात पारा उडालेला.
त्याला कवळ्यात धरून मी उभी आहे
जिथे स्टॉप होता तिथे.
स्टॉप आता मेट्रोच्या पत्र्यांमागे.
लोक अंदाजाने उभे राहतात
आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

मोबाईलमध्ये बस दोन मिनिटांवर आहे.
गेली वीस मिनिटं ती दोनच मिनिटांवर आहे.

पहिली आली ती चाळीस पावलं पुढे जाऊन थांबली.
सगळे धावले.
आरसा घेऊन धावणारी बाई
तुम्ही कधी पाहिली आहे?
दुसरीच्या ड्रायव्हरने काचेआडून पंजा हलवला :
मागून येतेय, रिकामी आहे.
ह्या शहरात मागची बस नेहमी रिकामी असते.
आपल्याला मिळते ती तिच्या पुढची.

तिसरीचा आकडा मी पाठमोरी असताना
आरशातच पाहिला,
उलटा, आणि तरी ओळखला.

बिल्ल्यावर नाव : स. रा. घोगळे.
"हे लगेज."
मी म्हटलं, जड नाही हो.
"जड नाही, पण रुंद आहे. सुट्टे द्या."
पर्सपर्यंत हात जायचा तर आरसा कुणीतरी धरायला हवा.
एका कॉलेजच्या पोराने धरला
आणि आधी स्वतःचे केस नीट केले.

मग काय, बसच सरकली.
'पुढे चला, पुढे चला' म्हणून ओरडलं तरी
जी माणसं दारातून हलत नव्हती
ती आपसूक आत आली.
नाईट करून निघालेल्या नर्सने टिकली मधोमध आणली.
घोगळ्यांनीही, पंच करता करता, कॉलर बसवली.
इस्त्रीच्या शर्टातले एक पन्नाशीचे गृहस्थ,
मांडीवर फाईल,
त्यांनी एकदाच पाहिलं
आणि तोंड खिडकीकडे फिरवलं,
जिथे कमानी अजून तिथेच होती.

"आरसावाल्या बाई!"
ऊन काचेवरून थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत जात होतं.
"फिरवा तो, नाहीतर उतरा."

फिरवला. आता तो माझ्याकडे.
श्रेयस ते गांधीनगर, पन्नास मिनिटं,
एक हात दांडीला, एक चौकटीला,
आणि समोर मी.
घरी मी आरशासमोर थांबते
भांग पडेपर्यंत.
इथे निघून जायला जागा नाही.
आईची हनुवटी कधी आली माझ्यावर?
हे कुणी बोललं नव्हतं.
प्रत्येक खड्ड्याला ती बाई मान हलवते,
हो हो म्हणते,
सगळं कबूल असल्यासारखी.
मी तर काही विचारलंच नव्हतं.

मंगतराम आलं. बेल दाबायला तिसरा हात नाही.
ओरडले. नर्सही ओरडली.
बस थांबली ती सोनापूरला.
"स्टॉप हलवलाय, बाई."
कधी?
"सोमवारपासून. बोर्ड लागायचाय."
पायरी एवढी उंच की आधी आरसा उतरवला,
मग मी त्याचा आधार घेतला.

परतीची चाल डोक्यावर काच घेऊन, तोंड वर.
त्यात म्हणे सगळी मेट्रोची पोटं दिसत होती,
केबलींची जाळी, आणि एक घार.
मागून येणाऱ्या मुलाने पुलावरून पाहून सांगितलं.
मला फक्त मागचे हॉर्न.

ऋतुजा म्हणाली, ऑनलाइन का नाही मागवलास?
ह्यांनी विचारलं, किती वाचले?
मी पाणी प्यायले.

खिळे ठोकायला माणूस अजून आलेला नाही.
तोवर तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा.
लगेजचं तिकीट घामाने त्याच्या पाठीला चिकटलंय.
ते मी काढलेलं नाही.
न जाणो, कुणी तपासायला आलं तर.