रोजकीर्द

वार्डो बंदराच्या कचेरीत
वीज गेली ती फक्त चार सेकंद.
गुडनीच्या मगातली कॉफीसुद्धा हिंदकळली नाही.

मशीन पुन्हा उठलं,
आपली रोजकीर्द उघडून शेवटच्या नोंदी ताडून पाहिल्या
आणि म्हणालं, सगळं ठाकठीक.

होतंच ठाकठीक.
फाइलचं नाव जागेवर, मालक जागेवर,
तारीख आजची.
लांबी शून्य.

किर्केनेसहून एस्किल फोनवर समजावत राहिला:
जतन करताना ते आधी जुनं पुसतं, मग नवं लिहितं.
पुसल्याची नोंद रोजकीर्दीत चढली, पक्क्या शाईत.
नवं अजून तोंडातच होतं,
तेवढ्यात दिवे गेले.

"म्हणजे खोटं बोलत नाहीये ते?"
"छे. शब्दाचं पक्कं आहे.
फक्त मजकुराची हमी
त्यानं कधी घेतलीच नव्हती."

गुडनीने टोपी कानांवर ओढली,
पेन्सिल घेतली, खोडरबर टेबलावरच ठेवला,
आणि दुपारच्या काळोखात धक्क्यावर उतरली.
अकरा बोटी. एकेकीला हाक:
किती कॉड, किती हॅडॉक,
हो, सांगितलं होतंत, पुन्हा सांगा.

म्हातारा इंगेब्रिक्त जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, चौदा पेट्या.
सकाळी सोळा म्हणाला होता,
असं तिला वाटलं.
वाटलं, एवढंच.
बर्फाचे कण कागदावर टपटपत होते.
तिने चौदा लिहिलं
आणि पुढे तारीख.

तारीख बरोबर होती.