विसावा

एकोणीस नियम मीच लिहिले होते,
शाळेतून मागून आणलेल्या तक्त्यावर, निळ्या स्केचपेननं.
ट्रॅक्टर कंपनीतून आला तसाच पाहिजे.
पंपाचं सील शाबूत.
ट्रॉली घरी सोडून यायची.
चाकाला चाक लागलं की बाद.
पिऊन आला तो बाद, आणि सरपंचाच्या आग्रहानं,
बाद झालेला भांडला तर पुढच्या वर्षीही बाद.

सत्तावीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर काढली,
म्हणून झेंडी माझ्या हातात.
लोकांना वाटतं, काट्यावरचा माणूस चुकत नाही.

फागुन. तूर निघालेली, वावर मोकळं,
नाल्यापासून बाभळीपर्यंत चुन्याची रेघ.
बक्षीस एक कूलर, वाळ्याच्या ताट्यांसकट,
खुर्चीवर बसवलेला, पाहुण्यासारखा.

शेवटच्या फेरीआधी रूपराव ढोबळ्याचा फॅनबेल्ट तुटला.
पुसदला जाऊन यायचं तर दोन तास.
नियम नववा: वेळेवर रेघेवर नाही तो बाद.
मी घड्याळ पाहत उभा. खरं सांगतो,
घड्याळ पाहणं सोपं असतं.
अंकुश मडावी आपल्या सीटखाली वाकला,
पोत्यातून एक बेल्ट काढला.
"घे गा. जुना आहे, पण चालते तुह्याले."
त्याच्याशीच शेवटची फेरी होती.
रूपरावनं पाना उचलला. आभार वगैरे नाही,
आमच्याकडं तशी पद्धत नाही.

झेंडी पडली.
अर्धं वावर दोघं बरोबरीनं गेले.
बाभळीच्या वळणावर रूपराव हातभर पुढं,
आणि मग त्यानं घट्ट जमीन सोडली,
भुसभुशीत पट्टीत चाकं घातली,
डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं,
बाई चाळणीनं पीठ चाळते तसं.
धूळ उठली.
आधी अंकुश गेला, मग बाभूळ,
मग बाभळीखालची पोरं.
आतून नुसता इंजिनाचा आवाज,
मग तोही नाही.

धूळ बसली तेव्हा अंकुश नाल्याच्या काठावर,
पुढचं एक चाक हवेत,
सावकाश फिरत.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तक्त्याकडं.
एक ते एकोणीस. फिरून एक ते एकोणीस.
सील शाबूत. चाकाला चाक नाही. रेघ आधी रूपरावची.
पाणी मारलेला कापूस काट्यावर बरोबर बसतो.
हाताला कळतं.
पण पावती काटा देतो, हात देत नाही.

अंकुशनं टँकरच्या नळाखाली डोळे धुतले.
"नियमात बसते काय, काका?"
"बसते."
"मंग झालं."
आणि तोंड पुसायला माझ्याकडची झेंडीच मागितली.

रात्री तक्ता पुन्हा अंथरला.
वीस, असा आकडा टाकला.
मुद्दाम धूळ उडवू नये.
खोडलं. फागुनात कोणाचा ट्रॅक्टर धूळ उडवत नाही?
आणि मुद्दाम कोणत्या मापानं मोजू?
मग लिहिलं, ज्याचा बेल्ट तुटला त्याला दुसऱ्यानं द्यावा.
तेही खोडलं. नियमानं दिला
तर तो अंकुशचा बेल्ट कसला, कमिटीचा झाला.
धूळ आणि बेल्ट, दोन्ही त्याच कोऱ्या जागेतून आले होते,
एकोणिसाच्या खाली, जिथं माझं स्केचपेन पोचत नाही.
विसावा काही लिहून झाला नाही.
विसावा काही मिळालाही नाही.

चौथ्या दिवशी मडावीच्या फाटकाला बेल्ट लटकलेला,
ऑइल पुसलेला, पेपरात गुंडाळलेला.
कोणी आणला ते कोणी पाहिलं नाही.
सगळ्यांना माहीत आहे.
कूलर मात्र रूपरावकडं चालू आहे,
चैतात ऊनच तेवढं असतं.

अंकुशनं तो बेल्ट पुन्हा सीटखाली ठेवला काय,
मी विचारलं नाही.
तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला.
परवा काढून पाहिला,
उंदरांनी नववा नियम खाल्ला आहे.