पोटातलं पाणी

इद्वल मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवतो,
सगळं वजन टाकतो आणि एकदम हात उचलतो.
हिरवी एम.जी. खाली जाते, वर येते,
पुन्हा खाली, पुन्हा वर,
मग आणखी एकदा, अर्धीच, लाजल्यासारखी.
"अडीच," तो म्हणतो. "एकात थांबायला हवी."

गॅरेजबाहेर वेल्सचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला.
मेंढ्या रस्त्यावर अशा बसल्यात
की रस्ता त्यांच्या बापाचा.

गाडी बहात्तर सालची, आत्याची.
हिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हल्लीसारखी नळकांडी नव्हेत.
ओतीव धातूची पेटी, पेटीत तेल,
आणि खांद्यातून हात निघावा तसा बाहेर आलेला दांडा.
पुढे तर तोच दांडा चाकालाही वरून धरून असतो.
एका पगारात दोन कामं.
डावी पेटी कधीची गळतेय कोण जाणे,
तेलावर धूळ, धुळीवर तेल, बोटभर थर.

"वजन पेलते ती स्प्रिंग," इद्वल सांगतो,
"आणि खड्डा उगाळत बसते तीही स्प्रिंगच.
शॉकनं तिला एवढंच म्हणायचं: झालं, बाई. पुरे."
तेल बारीक भोकातून पलीकडे जातं,
जरासं तापतं,
आणि खड्डा संपतो.

बाकावर त्यानं पिवळे काढून ठेवले, नळीचे, मऊ.
लाल होते, बुडाशी बारा खटक्यांची चकती,
पण ते बसवायचे तर गाडीला नवी भोकं पाडायची,
हे सांगताना त्याचाच चेहरा पडला.
फडक्यात गुंडाळलेलं आणखी काही होतं,
ते त्यानं उघडलं नाही.

मी वहीत आकडे मांडून आणले होते.
रस्ता : घर ते दवाखाना, अकरा मैल.
वेग : मी चालवते तेवढा.
प्रवासी : एक, वय एक्क्याऐंशी.
"पिवळे," मी म्हटलं.
"हिच्या पोटातलं पाणी हलता कामा नये."

"हलू दे की."
आत्या टायरांच्या चळतीवर बसली होती,
चहा गार करत.
याच गाडीनं तिनं घाटाच्या शर्यती मारल्यात,
कप वितळवून चमचे करावेत एवढे कप.
"न हललेलं पाणी आहे की नाही, कळणार कसं?"

मी काहीतरी बोलायला गेले. हाडं, मणके, डॉक्टर.

"मेरेरिड, सकाळी मोजा चढवताना
पाय आत गेला का, हे मला वाकून बघावं लागतं.
साखरेनं तळवे नेले माझे.
फरशी गार आहे
हे मला तुझ्या तोंडाकडे बघून समजतं.
आता कंबरेला तरी कळू दे
आपण कुठल्या रस्त्यावर आहोत."

गॅरेजात कुणीच काही बोललं नाही.
छतावरून एक थेंब ड्रमवर वाजला.
मग इद्वलनं फडकं उलगडलं.
तिच्याच जातीच्या चार पेट्या, घासूनपुसून,
आतली सगळी सीलं नवी.
"तेल जरा दाट घालतो," तो आत्याकडे न बघता म्हणाला.
"मऊ नाही. मारकुटंही नाही."
मी वही मिटली.
पिवळ्यांपेक्षा साठ पौंड कमी झाले,
तरी मला हरल्यासारखंच वाटत होतं.

शनिवारी निघालो. छप्पर खाली,
आत्याच्या मांडीवर घोंगडी, डोळे मिटलेले.
पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीपाशी
रस्त्यातच लोखंडी गजांची जाळी आहे,
मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून.
मी सवयीनं ब्रेककडे पाय नेला.
"नको."

ग-ड-ड-ड-ड...
एकदा खाली, एकदा वर, आणि गाडी शांत.
दात माझे वाजले.
तिनं मात्र ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"चौदा," ती म्हणाली.
"सहावा गज सैल झालाय.
कौन्सिलला फोन कर."