तेल वजा करून

खैरानी रोडला आमचा गाळा, आतल्या बोळात.
एक प्रेस, एक काटा, चेतनशेठची खुर्ची.
लोक भंगार म्हणतात. आम्ही कीस म्हणतो.
बिडाचा येतो काळा, रव्यासारखा,
नाकात बसतो, रात्री रुमालावर उमटतो.
पोलादाचा येतो गुंतून,
आठवडाभर विंचरलं नाही अशा डोक्यासारखा.
अ‍ॅल्युमिनियमचं पिंप उचललं की वाटतं
आपल्याला कुणीतरी फसवलंय.

वीस वर्षं लेथवर उभा होतो,
म्हणून मला कीस वाचता येतो.
वांग्याच्या सालीसारखा निळा, म्हणजे घाईचा.
नुसता चुरा, म्हणजे टूलला धार नाही, किंवा पोरगा नवा.
कडेला बारीक दाते असले, तर मशीन थरथरतंय,
पायाचा बोल्ट ढिला आहे,
मालकाला सांगून झालंय,
मालक बघू म्हणालाय.

सोमवारी पास्कल डाबरेचं पिंप आलं.
शेवटचं. त्याचा गाळा गेला,
तिथे आता केक भाजणार आहेत म्हणे.
यल्लप्पानं पिंप लवंडलं आणि
मला चिठ्ठी बघावी लागली नाही.
हातभर लांब, न तुटलेली, घट्ट पिळाची भेंडोळी,
एकाच रुंदीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
चिप तोडायची खाच त्यानं टूलला कधी पाडली नाही.
निघतेय तर निघू दे, म्हणायचा,
मध्येच काय तोडायचं कुणाला.

प्रेसला हे चालत नाही.
प्रेसला हवा बोटाच्या पेराएवढा तुकडा.
भेंडोळं तोंडात अडकलं, रॅम अर्ध्यावर थांबला,
चेतनशेठनं गुजरातीतून पास्कलची आई काढली.
मग मी आणि यल्लप्पा, पत्र्याची कात्री घेऊन,
दुपारचे दोन तास
एका माणसाचा हट्ट कापत बसलो.
हातमोजे फाटले.

कापता कापता पिवळं दिसलं.
आधी वाटलं, बल्बचा उजेड.
मग चिमटीत धरलं. पितळ.
बारीक, कुरकुरीत, शेवेसारखं,
मूठभर, फार तर दीड मूठ,
पोलादाच्या तळाशी, अगदी शेवटच्या दिवसांत पडलेलं.
त्या गाळ्यात पितळेचं काम कधी आलंच नाही.
पंपाचे शाफ्ट करायचे तिथे, एकजात.

चेतनशेठनं लोहचुंबक फिरवून घेतलं.
भेसळ, म्हणाला, आणि किलोमागे दोन रुपये कापले.
ओलं म्हणून शेकडा बारा तेलाचे आधीच कापले होते,
सगळीकडे आठ कापतात.

संध्याकाळी प्रेस चालला.
दीडशे टन. आवाज मोठा होत नाही, खोल जातो,
काट्यावरचा चहा गोल गोल शहारतो.
एका बाजूनं वडी बाहेर येते,
तांब्याच्या तळाएवढी, जड, कोमट,
गुळाची ढेप फोडावी तशी फोडायला गेलात तर बोटं तुमचीच.
खाली बादलीत दुधाळ तेल ठिबकतं.
हे तेल चेतनशेठ गाळून पुन्हा विकतो.
ज्याचं कापलं, त्यालाच विकलं आहे एकदा.

वड्यांमध्ये कुणाचा हात ओळखू येत नाही.
मी बघितलं. एक उलटी करून, उजेडाला धरून.
घाईवाला, नवा पोरगा, ढिला बोल्ट, पास्कल,
सगळ्यांचं एकच तोंड.
गुरुवारी जालन्याची गाडी येईल,
भट्टी, मग सळ्या, मग कुठल्यातरी इमारतीच्या पोटात.

रात्री फोन केला.
पास्कल, पितळेचं काय करत होतास रे?
पलीकडे टीव्ही चालू होता. तो बारीक झाला.
नाही जमलं, म्हणाला. आटे चुकले.
कशाचे आटे, ते मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
मग म्हणाला, किती भरलं?
दोनशे सहा, म्हटलं.
तेल वजा करून?
तेल वजा करून.
गप्प राहिला. मनात आकडेमोड करत असावा,
टर्नर माणूस, शतांश मिलीमीटर सोडत नाही.
शेवटी म्हणाला, माझ्यात एवढं तेल नव्हतं.

मूठभर पितळ माझ्या डब्यात आहे.
वेगळं विकावं तर वजनच भरत नाही.