तिसरी कोळपणी

पहिली तीन आठवड्यांनी, फटीच्या कोळप्यानं.
दुसरी पाचव्याला, पासेच्या.
तिसरी आठव्याला, दातेरी.
कृषी सहायकानं हे कागदावर लिहून दिलं
तेव्हा गजराआत्या हसली होती.
आठवडे मोजायची तिला सवय नव्हती.
ती वाकायची, भेगेत बोट घालायची.
करंगळी गेली की पहिली.
अंगठा गेला की दुसरी.
तिसरीचं माप एका सालापासून बदललं:
पायातलं जोडवं निसटून भेगेत गेलं.
खणलं, दोन हात खणलं, मिळालं नाही.
"म्हणजे उशीर झाला," एवढंच म्हणाली
आणि बैलं जुंपायला लावली.

निमसोडच्या खाली, येरळेकडं तोंड केलेलं
आमचं सव्वा एकर काळं रान.
इथं थंडी वरून पडते हे खरं,
पण ओल जाते ती खालून वर,
रात्री, कुणी जागं नसताना,
भेगाभेगांतून,
माहेरी निघालेल्या बाईसारखी
मागं न बघता.
पहाटे मातीला तळहात लावला तर ओला होतो.
फसायचं नाही. ते दव.
नऊ वाजता त्याचा पत्ता नसतो.

पौषात धुई पडली की
हरभऱ्याचं फूल गळतं
आणि शाळूच्या पानांवर चिकटा येतो,
इतका, की बाही लागली तर सुटत नाही.
आभाळ निरभ्र असेल त्या रात्री आत्या
हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायची.
सकाळी पिळून आंब बाटलीत.
गावातली निम्मी पोटं त्या बाटलीवर.

तणांशी तिचे संबंध एकसारखे नव्हते.
हरळी सातबारावर नाव असल्यासारखी,
तिच्याशी दावा जुना, तारखा पडत राहायच्या.
चंदनबटवा मोठा व्हायच्या आत पातेल्यात.
पाथरी बांधालगत दोन काकऱ्या राखायची;
खुरपं तिथं आलं की हात आपोआप आखडायचा,
कारण दुपारी भाकरी सोडायची होती.
टारफुल्याला मात्र ती शिव्या द्यायची, नाव घेऊन.
महिनाभर तो दिसतच नाही.
जमिनीखाली शाळूच्या मुळाला तोंड लावून असतो
आणि वर येतो तो फूल घेऊन,
एवढंसं, पांढरं, जरा देखणंच.
तेव्हा उपटून काय,
त्याचं जेवण उरकलेलं असतं.

यंदा सत्यवाननं पंप आणला, औषध आणलं.
चार दिवसांत ओळींमधलं सगळं पिवळं.
"बघ काकी, एक काडी राहिली नाही."
नव्हतीच राहिली. खोटं कशाला बोलू.
रान झाडलेल्या अंगणासारखं होतं,
आणि तण नव्हतं म्हणून भेगा
आणखीच स्वच्छ दिसत होत्या.
यावर औषध मिळतं का, असं ओठांवर आलं होतं.
बोलले नाही.
पोरगं दोन दिवस पाठीला पंप बांधून फिरलेलं,
खांद्याला वळ होते.

त्याची धाकटी ईश्वरी दप्तरासकट रानात आली,
तिनं शाळेची पट्टी भेगेत सोडली.
पट्टी संपली.
भेग नाही.
"पंधराच्या पुढं आहे," ती ओरडली,
पट्टीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून.
जोडव्याचं मी तिला सांगून ठेवलंय.

सत्यवान थोडा वेळ नुसता उभा होता.
मग गोठ्याच्या आढ्यावरून
सायकलकोळपं काढलं त्यानं,
दातेरी पास बसवली, नट आवळताना
काहीतरी पुटपुटला, मी ऐकलं नाही.

आता तो पुढं रेटतो,
मी मागनं, सुटलेल्या भेगांवर
पायानं माती लोटत.
वरची दोन बोटं माती भुगा होते,
भुगा भेगेत बसतो,
आणि खाली जे काही उरलंय ते
मार्गशीर्षातल्यासारखं झाकलं जातं.

चटणी-भाकरी बांधावर आहे,
शेजारी पाथरी आहे.
अजून अकरा तासं राहिलीत.